पाहुण्याची रायफल : वाघाच्या इतिहासातून गाळलेली तेवीस वर्षे

१/
'वाघ इंग्रजांनी मारला, संस्थानिकांनी मारला आणि स्वतंत्र भारताने वाचवला.' मेलेल्या वाघांच्या रांगेमागे उभे असलेले साहेब, त्यांच्या शेजारी फेटा बांधलेले महाराज, अशा कृष्णधवल छायाचित्रांखाली हे वाक्य समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरते आहे. त्याचे पहिले दोन भाग खरे आहेत. तिसरा अर्धाच खरा आहे. १५ ऑगस्ट १९४७ आणि १ जुलै १९७० या दोन तारखांमध्ये जवळजवळ तेवीस वर्षे पडतात. या काळात वाघाची शिकार कायदेशीर होती, ती परकीय चलनात विकली जात होती आणि तिचा सर्वांत मानाचा गिऱ्हाईक स्वतःची रायफल घेऊन विमानाने येत होता. हा धागा त्या गाळलेल्या वर्षांविषयी आहे.

२/
प्रारंभ नवी मुंबईपासून करावा लागतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या येथील आंतरराष्ट्रीय विमानतळाभोवतीच्या पनवेल-उरणच्या टापूत तीन स्थळे आहेत : शिरढोण, चिरनेर आणि कर्नाळा. पहिले बंदुकीच्या इतिहासाशी जोडलेले, दुसरे जंगलाच्या, तिसरे वन्यजीवांच्या. बंदूक कोणाच्या हाती असावी, जंगलात कोणी शिरावे आणि तेथील प्राणी कोणाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे गेल्या दीडशे वर्षांत कशी बदलली आणि कोठे मुळीच बदलली नाहीत, हे या एकाच टापूवरून वाचता येते.

३/
शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. १८७९ साली त्यांनी रामोशी, कोळी, धनगर यांना हाताशी धरून उठाव केला. पकडले गेले, एडनला पाठवले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच निवर्तले. उठावाच्या आदल्याच वर्षी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या राजवटीने शस्त्र कायदा केला होता. त्यान्वये सामान्य हिंदी माणसास परवान्यावाचून शस्त्र बाळगता येईना. युरोपियनास मात्र त्यातून सूट होती. एकच बंदूक एकाच्या हाती गुन्हा आणि दुसऱ्याच्या हाती खेळ ठरू लागली. 'शिकार हा राजमान्य खेळ' असे म्हणताना तो कोणाच्या हातून काढून कोणाच्या हाती दिला गेला, हे सांगायचे राहून जाते.

४/
त्याच १८७८ साली आणखी एक कायदा झाला : भारतीय वन कायदा. राखीव वनांत गावकऱ्याचे चरणे, तोडणे, वेचणे आणि शिकार हे सारे सरकारी मर्जीवर आले. एका कायद्याने बंदूक गेली, दुसऱ्याने जंगल गेले. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत हे दोन कायदे दोन निराळ्या प्रकरणांत येतात. एक राजकीय दडपशाहीच्या, दुसरा आर्थिक शोषणाच्या. शिकारीच्या इतिहासात ते शेजारी शेजारी ठेवूनच वाचावे लागतात. साहेबाची शिकार शक्य झाली ती या जोडीमुळे : जंगल राखीव, आणि राखीव जंगलात बंदूक घेऊन फिरण्याची मुभा मूठभरांना.

५/
या जोडीची किंमत काय होती, ते चिरनेरने दाखवले. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. माणसे आली होती ती झाडावर कोयता चालवून १९२७चा वन कायदा मोडण्यासाठी. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी होते. ज्या समाजाचे जगणे काताचे झाड, मध, कंदमुळे आणि लहानसहान शिकार यांवर उभे होते, त्या समाजातील माणूस स्वतःच्या जंगलात सरकारी गोळीने मारला गेला.

६/
त्याच सुमारास जंगलात दुसरीकडे काय चालले होते? इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८०,००० हून अधिक वाघ मारले गेले. त्यांतील कित्येक सरकारी बक्षिसासाठी. संस्थानिकही मागे नव्हते. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर एक हजाराहून अधिक वाघ सांगितले जातात. कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांसाठी तर १९१८ ते १९४५ या काळात शिकारीकरिता आफ्रिकेतून चित्ते आयात होत. देशी चित्ता दुर्मीळ होऊन बसला होता. वसाहतीचा आणि संस्थानांचा हा दोष तसूभरही कमी करण्याचे कारण नाही. प्रश्न पुढचा आहे.

७/
ज्या देशाने शस्त्र कायद्याविरुद्ध सभा घेतल्या, ठराव केले आणि वन कायद्याविरुद्ध रक्त सांडले, त्याने सत्ता हाती येताच या दोन्ही दारांचे काय केले? १९४७ साली आजच्या छत्तीसगडातील कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले. भारतातील शेवटच्या चित्त्यांपैकी ते मानले जातात. १९५२ साली चित्ता नामशेष झाल्याचे मान्य करण्यात आले. त्याच १९५२ मध्ये भारतीय वन्यजीव मंडळ स्थापन झाले. तत्पूर्वी, १९५१ साली, मुंबई राज्याने वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला होता. म्हणजे जाणीव होती, कायदे करण्याची ताकद होती आणि डोळ्यांसमोर एक प्राणी संपल्याचा धडाही होता. तरीही वाघाची शिकार थांबली नाही. तिचा धंदा झाला.

८/
या धंद्याचे एक प्रमुख केंद्र महाराष्ट्रातच सापडते : नागपूर. १९५०च्या दशकात येथे 'ॲलविन कूपर' ही कंपनी मोठ्या जनावरांच्या शिकारीच्या आणि छायाचित्रणाच्या सफरी चालवीत असे. तिचे संस्थापक विद्याचरण शुक्ल. हेच पुढे १९५७ साली लोकसभेवर निवडून आले आणि आणीबाणीच्या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. कंपनी कायदेशीर होती. तिने काही चोरून केले नाही. मुद्दा नेमका तोच आहे. जे घडले ते परवान्याने, शुल्क भरून, सरकारी शिक्क्यानिशी घडले. म्हणूनच त्याचा दोष एखाद्या चोरट्या शिकाऱ्यावर ढकलून मोकळे होता येत नाही.

९/
व्यवस्था अशी होती. वनखाते राखीव जंगलाचे 'शूटिंग ब्लॉक' पाडीत असे. ही रीत इंग्रजांची, आणि ती जशीच्या तशी पुढे चालली. ठरावीक दिवसांसाठी ब्लॉक एका शिकाऱ्याच्या नावे राखला जाई, त्याचे शुल्क ठरलेले असे, कोणती जनावरे किती मारावीत याची मर्यादाही परवान्यावर असे. कंपनीने ब्लॉक मिळवायचा, तळ ठोकायचा, जीप, मचाण, स्वयंपाकी, वाटाडे यांची सोय करायची. पाहुण्याने डॉलर मोजायचे. १९५७-५८ मध्ये देशाची परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने आटली होती. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेला यंत्रे हवी होती, यंत्रांना डॉलर हवे होते. पर्यटनाच्या प्रचारात वाघ हे आकर्षण म्हणून मांडले जाऊ लागले.

१०/
नागपूरच का? एक कारण भूगोल. चांदा, भंडारा, बालाघाट, मंडला, मेळघाट ही जंगले भोवताली. दुसरे कारण प्रशासन. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती. आणि तिसरे कारण आकाशातले. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाची अदलाबदल करून परत फिरत. देशाच्या चारही महानगरांना हवेतून जोडणारी ती गाठ होती. वाघाच्या मुलखाच्या उंबरठ्यावर विमानतळ असावा, याहून शिकारीच्या व्यापाऱ्यास अधिक काय हवे होते?

११/
विमानाने शिकारीचे गणितच बदलले. आगबोटीच्या काळात लंडनहून मुंबईस यायलाच दोन-तीन आठवडे लागत. अमेरिकेहून त्याहून अधिक. शिकारीसाठी येणारा माणूस हंगामभराची सवड असणारा आणि व्हाइसरॉय किंवा महाराज यांचे निमंत्रण असणारा लागे. १४ मे १९६० रोजी एअर इंडियाने बोइंग ७०७ विमानाने लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू केली. आता तीन-चार आठवड्यांची रजा आणि जाड पाकीट एवढे पुरेसे होते. अमेरिकेतील शिकार-नियतकालिकांत भारतातील सफरींच्या जाहिराती येऊ लागल्या. जॅक डेंटन स्कॉट या अमेरिकी लेखकाचे मध्य भारतातील शिकारीवरचे पुस्तक तर त्याआधीच, १९५९ साली, प्रसिद्ध झाले होते.

१२/
येथे एक कायदा उघडून वाचायला हवा. १८७८च्या वसाहतकालीन कायद्याची जागा १९५९च्या शस्त्र अधिनियमाने घेतली. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याचे कलम १० शस्त्रांच्या आयात-निर्यातीचे आहे. नियम असा की परवान्याशिवाय शस्त्र देशात आणता किंवा देशाबाहेर नेता येत नाही. पण या नियमाला सवलती आहेत, आणि त्यांतील एक 'खऱ्याखुऱ्या पर्यटका'साठी आहे. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या देशाचा पर्यटक केवळ क्रीडेच्या हेतूने, वाजवी प्रमाणात, शस्त्रे व दारूगोळा आयात-परवान्यावाचून सोबत आणू शकतो. विहित अटी पाळल्या की झाले. १९५९ साली परदेशी पर्यटक क्रीडेसाठी रायफल आणत होता ती कशासाठी, याचे उत्तर मध्य भारताच्या जंगलात होते.

१३/
हीच बाब त्याच अधिनियमाच्या कलम १३ शेजारी ठेवावी. तेथे परवाना सहज मिळावा अशा शस्त्रांचा उल्लेख आहे, आणि पीकसंरक्षणासाठी शेतकऱ्याच्या वाट्याला येते ती ठासणीची बंदूक. पाहुण्यासाठी दुर्बीण लावलेली, हत्ती लोळवणारी रायफल. रानडुकरांनी शेत उद्ध्वस्त केलेल्या गावकऱ्यासाठी ठासणीची नळी. १८७८चा कायदा वंशाच्या आधारे भेद करीत होता. स्वतंत्र भारताच्या कायद्याने वंशाचा भेद काढून टाकला, हे निःसंशय मोठे पाऊल होते. परंतु जंगलातल्या शिकारीपुरते बोलायचे तर गोऱ्या कातडीने रिकामी केलेली खुर्ची पारपत्राने आणि डॉलरने भरून काढली.

१४/
प्रत्यक्ष शिकार कशी होई? आमिष म्हणून रेडकू बांधले जाई. वाघाने ते मारले की जवळ मचाण बांधले जाई, किंवा हाका घातला जाई. हाकारे अर्थातच गोंड, कोरकू, बैगा यांसारख्या आदिवासी गावांतले. थाळ्या-ढोल वाजवीत, झुडपे झोडपीत, वाघाला रायफलच्या तोंडाशी नेण्याचे सर्वांत धोक्याचे काम त्यांचे, मोबदला रोजंदारीचा. छायाचित्रात ते बहुधा कडेला उभे असतात किंवा चौकटीबाहेर असतात. कातडे म्हैसूरच्या व्हॅन इंगन यांच्यासारख्या नामांकित कारखान्यांत पेंढा भरण्यासाठी जाई आणि तेथून समुद्रापार एखाद्या दिवाणखान्यात. वाघाची किंमत ठरे, वसूल होई, विभागली जाई. ज्या गावाची गुरे तो वाघ खात होता, त्या गावाच्या वाट्याला हाक्याची मजुरी येई.

१५/
या काळातील दुटप्पीपणा केवळ भारतीय नव्हता. जानेवारी १९६१ मध्ये ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ भारतभेटीस आल्या. जयपूरच्या महाराजांचे पाहुणे असताना सवाई माधोपूरच्या जंगलात ड्यूक ऑफ एडिंबरा प्रिन्स फिलिप यांनी वाघ मारला. त्याच १९६१ साली जागतिक वन्यजीव निधी ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या ब्रिटिश शाखेचे अध्यक्षपद प्रिन्स फिलिप यांच्याकडे गेले. हा प्रसंग साम्राज्याच्या अंतानंतर चौदा वर्षांनी, सार्वभौम प्रजासत्ताकाच्या भूमीवर, त्याच्या पाहुणचारात घडला. छायाचित्र पाहून 'इंग्रज' म्हणून बोट दाखवणे सोपे आहे. यजमान कोण होता, हेही त्याच छायाचित्रात दिसते.

१६/
पहिला आक्षेप येईल : परदेशी शिकाऱ्यांनी असे किती वाघ मारले? वाघ घटला तो जंगलतोडीने, जीप आणि विजेरीच्या जोरावर चाललेल्या रात्रीच्या शिकारीने, पीकसंरक्षणाच्या बंदुकांनी, मेलेल्या गुरांवर टाकलेल्या कीटकनाशकाने. हा आक्षेप वजनदार आहे आणि तो मान्य करायला हवा. विमानाने आलेली रायफल हे वाघाच्या ऱ्हासाचे एकमेव कारण मुळीच नव्हते. पण राज्यसंस्थेच्या हातात सर्वांत सहज बंद करता येईल असे दार कोणते होते? गावोगावच्या बंदुका शोधणे अवघड. ब्लॉकचा परवाना न देणे एका सहीचे काम. ती सही तेवीस वर्षे उलट बाजूने होत राहिली. आणि जे सरकार वाघ डॉलरला विकते, ते विष घालणाऱ्या गवळ्याला वाघाचे मोल कोणत्या तोंडाने सांगणार?

१७/
दुसरा आक्षेप अधिक मोहक आहे : शिकारीच पहिले संरक्षक होते. जिम कॉर्बेट शिकारी होते. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांत शिकाऱ्यांचा मोठा भरणा होता. ज्या सलीम अलींनी अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणीचा अभ्यास केला, त्यांच्या पक्षिप्रेमाची सुरुवातही छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या चिमणीपासून झाली. 'नागझिरा' लिहिणारे व्यंकटेश माडगूळकरही एकेकाळी शिकारीचे शौकीन होते. हे सारे खरे. परंतु ही बंदूक खाली ठेवणाऱ्या व्यक्तींची उदाहरणे आहेत. व्यक्तीचे मन पालटते, म्हणून तिचा पूर्वीचा व्यवसाय पुण्यकर्म ठरत नाही. धंद्याची परीक्षा वेगळी असते आणि ती १९७० साली झाली.

१८/
नोव्हेंबर १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची महासभा दिल्लीत भरली. वाघ धोक्यात आल्याचे तेथे जगापुढे मांडले गेले आणि त्याची हत्या थांबवण्याची मागणी झाली. परकीय चलन हवे असले तरी ते वन्यजीवांच्या प्राणांच्या मोलाने नको, अशी भूमिका पंतप्रधान इंदिरा गांधींनी घेतली. १ जुलै १९७० पासून वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. तेव्हा शिकारीच्या व्यावसायिकांनी काय केले? जंगलाचे राखणदार म्हणवणारे हे लोक बंदीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने बंदी कायम ठेवली. वाघ वाचवायचा की धंदा, अशी निवड समोर येताच त्यांनी काय निवडले, याची नोंद त्या दाव्यातच आहे.

१९/
१९७२च्या गणनेत देशात १,८२७ वाघ मोजले गेले. त्याच वर्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आला. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत महाराष्ट्राचे मेळघाट होते. २०२२च्या गणनेने देशात सुमारे ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघांचा अंदाज दिला. हे यश मोठे आहे. पण त्याचा हिशेब कोणी चुकता केला? शिकार-कंपनीला छायाचित्रण-सफरीचा मार्ग मोकळा होता. पाहुणा आफ्रिकेकडे वळला. व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातून गावे उठली ती गोंड-कोरकूंची, ज्यांनी रोजंदारीवर हाका घातला होता.

२०/
आणि कातकऱ्यांचे काय? चिरनेरपासून जवळच कर्नाळा आहे, १९६८ साली घोषित झालेले पक्षी अभयारण्य. आज त्या परिसरात ससा किंवा घोरपड मारणारा कातकरी गुन्हेगार ठरतो. वन्यजीव वाचवायचे तर असे निर्बंध हवेत, हे मान्य. २००६च्या वनाधिकार कायद्याने पारंपरिक हक्कांना मान्यता देताना शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. त्यामागेही कारण आहे. परंतु क्रम विसरता कामा नये. ज्याच्या पोटासाठी शिकार होती, त्याच्यावरचा निर्बंध १८७८ पासूनचा. ज्याच्या करमणुकीसाठी होती, त्याच्यावरचा १९७० पासूनचा. मधली ब्याण्णव वर्षे हाच या इतिहासाचा गाभा आहे, आणि त्यांतील शेवटची तेवीस आपली स्वतःची आहेत.

२१/
विमानात शस्त्र नेण्याचे नियम पुढे अतिशय कडक झाले, पण त्याचे कारण वाघ नव्हता. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे विमान लाहोरला पळवून नेण्यात आले. १९७६ साली आणखी एक अपहरण झाले आणि जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेसाठी स्वतंत्र विभाग उभा राहिला. आज रायफल रिकामी करून, कुलूपबंद कठीण पेटीत, केवळ सामानकक्षातून जाते. काडतुसे वेगळी बांधलेली आणि माणशी पाच किलोच्या मर्यादेत. या नियमांनी जंगलातील प्राण्यास संरक्षण दिले नाही. ते आधीच, १९७० आणि १९७२ साली, अन्य मार्गाने मिळाले होते.

२२/
रायफल विमानाने जाणे हा स्वतः गुन्हा नाही, हेही स्पष्ट असावे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. नेमबाजांच्या रायफली विमानानेच जातात. शस्त्र अधिनियमाच्या त्याच कलम १० मध्ये दुसरीही सवलत आहे : ज्याच्याकडे शस्त्र कायदेशीररीत्या आहे, तो ते खाजगी वापरासाठी वाजवी प्रमाणात देशाबाहेर नेऊ व आणू शकतो. म्हणजे उद्या एखाद्या भारतीयाने नवी मुंबईहून रायफल घेऊन दक्षिण आफ्रिकेत वा नामिबियात शिकारीस जायचे ठरवले, तर येथील परवाना, विमान कंपनीची संमती आणि तेथील तात्पुरता आयात-परवाना अशा पायऱ्या चढून ते शक्य आहे. पूर्वीचा यजमान आता पाहुणा होऊ शकतो.

२३/
म्हणूनच 'नामिबियाकडे पाहा, शिकारीच्या पैशाने तेथे जंगल वाचले' हा युक्तिवाद आता भारतीय तोंडूनही ऐकू येतो. योगायोग असा की १७ सप्टेंबर २०२२ रोजी भारतात आलेले आठ चित्ते नामिबियाहून विमानानेच आले. नामिबियाचा दाखला द्यावा, पण पूर्ण द्यावा. तेथे १९९६च्या कायदादुरुस्तीने सामूहिक भूमीवरील रहिवाशांना संवर्धन-क्षेत्रे स्थापून वन्यजीवांपासूनच्या उत्पन्नावर हक्क मिळाला. तेथील शिकारीच्या नीतिमत्तेवर वाद होत राहील. पण तेथे जो पाया घातला गेला, तो आपल्या तेवीस वर्षांत कोणी घातला नाही. नागपूरच्या धंद्यात जंगल सरकारचे, नफा कंपनीचे, कातडे पाहुण्याचे आणि जोखीम हाकाऱ्याची होती.

२४/
आपल्याकडे गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला तो फार उशिरा. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावास २००९ साली तो मिळाला. बंदुकीच्या पैशाने नव्हे, बांबूच्या आधारे ते गाव उभे राहिले. जंगलाला किंमत असली की जंगल टिकते, असे शिकारीचे समर्थक म्हणतात. इतिहास त्यात एक दुरुस्ती सुचवतो : किंमत कोणाच्या हातात पडते, यावर टिकणे अवलंबून असते. १९५०-६० च्या दशकांत वाघाला भरपूर किंमत होती. तरी तो संपत चालला होता.

२५/
तेव्हा पुढच्या वेळी मेलेल्या वाघाचे छायाचित्र समोर आले, तर इतिहासाच्या अभ्यासकाने तीन गोष्टी तपासाव्यात. छायाचित्राचे साल : ते १९४७च्या अलीकडचे आहे काय? चौकटीच्या कडेला उभी माणसे : त्यांना नावे आहेत काय? आणि परवान्यावरचा शिक्का : तो कोणत्या सरकारचा आहे? ही तपासणी केली की धाग्याच्या आरंभी दिलेले वाक्य दुरुस्त करून लिहावे लागते. वाघ इंग्रजांनी मारला, संस्थानिकांनी मारला, स्वतंत्र भारताने तेवीस वर्षे विकला आणि मग वाचवला. शेवटच्या शब्दाचा अभिमान बाळगायचा असेल, तर त्याआधीच्या शब्दाची जबाबदारीही घ्यावी लागेल.